पंपकाकांनी शिवलेली टोपी

शप्पथ! अगदी गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेले सातही दात आजच्या आज पडोत. आठ होते, एक परवा गेला, पण तो चिक्कट टॉफीमुळे. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

माझी बोटं आता नीट वळत नाहीत, म्हणून मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. ती आत्ताच खुसूखुसू हसायला लागली. हस बाई. तुला ओळ सुचत नाही तेव्हा तूही तोंडाला येईल ते लिहितेस, मला माहीत आहे.

तर, सकाळचे नऊ वाजले होते आणि काटा हलत नव्हता.

काटा म्हणजे आमच्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या मीटरचा. औषधं तपासण्याची प्रयोगशाळा होती आमची, आणि हे यंत्र तिचा जीव. औषधाचा एक थेंब पाजला की त्यात काय काय आहे ते कणाकणाचं वजन करून सांगायचं. दोन कपाटांएवढं धूड, पण लाड विचारू नका. एका ठरावीक तापमानाची खोली, स्वतःची वेगळी वीज, आणि कोणी दार आपटलं तरी याचं डोकं फिरायचं. पंपकाका, ते येतीलच पुढे, त्याला 'जावईबापू' म्हणायचे. कितीही करा, रुसायला कारण लागत नाही.

त्या जावईबापूंची एक अट होती. पोटात हवा नको. जराशीही नको. आत कणांनी सरळ धावायचं असतं, वाटेत हवेचे कण आले की धक्काबुक्की, मग वजन कसलं आणि काय. म्हणून पंप लावून सगळी हवा ओढून काढायची. काटा खाली खाली येत लाल खुणेच्या पार डावीकडे गेला की समजायचं, पोट रिकामं झालं.

आदल्या दिवशी आम्ही यंत्राची वार्षिक साफसफाई केली होती. म्हणजे मी केली होती. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या हातांनी. आतला भाग बाहेर काढला, पांढऱ्या पावडरीने घासला, धुतला, भट्टीत वाळवला, परत बसवला. दार लावलं, पंप चालू केला आणि घरी जाऊन राणीसारखी झोपले. सकाळी आले तर काटा लाल खुणेच्या उजवीकडेच ठाण मांडून बसलेला. मी मीटरवर टिचकी मारली. हलला नाही. फुंकर मारली. हात जोडले. हलला नाही.

"काय झालं?" मागून आवाज आला. आमचे साहेब. त्यांच्या डोक्यावर केस म्हणून एकही नव्हता, सगळे त्यांना पाठीमागे चकोटसाहेब म्हणायचे. आवाज मात्र असा, की ते बोलले तेव्हा काटा थरथरला. रात्रभर पंपाला जे जमलं नाही, ते त्यांच्या एका ओरडण्याने होतंय असं मला क्षणभर वाटलं.

"व्हॅक्यूम येत नाहीये, साहेब."

"ते मलाही दिसतंय. काल कोणी उघडलं होतं?"

मीच. हे त्यांनाही माहीत होतं.

आता मी कोण ते सांगते. चार वर्षं मी त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे. माझं नावच 'बाटली' पडलं होतं. काचेच्या हजार बाटल्या, नळ्या, चंबू रोज धुवायच्या, वाळवायच्या, उलट्या ठेवायच्या. तिथून मला उचलून यंत्रापाशी आणलं ते पंपकाकांनी. पंपकाका म्हणजे आमचे पंप मेकॅनिक. अठ्ठावीस वर्षं पंपांमध्ये काढलेली, त्या घरघरीने दोन्ही कान गेलेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि तेही उलट ओरडायचे. दोघं बोलत असली की पलीकडच्या इमारतीतले लोक खिडक्या उघडून विचारायचे, भांडण कसलं?

सहा महिन्यांपूर्वी ते साहेबांना म्हणाले होते, म्हणजे ओरडले होते, "साहेब, ह्या पोरीच्या बाटलीवर कधी बोटाचा ठसा बघितलाय? हिचा हात स्वच्छ आहे. मला द्या. मी शिकवतो."

"आणि काही बिघडवलं हिने तर?"

"तर माझ्या नावावर लिहा!"

असं ते सहा महिन्यांचं शिक्षण. आणि आता हा काटा.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "पाच वाजेपर्यंत वाट बघतो. पाच वाजता कंपनीच्या इंजिनिअरला फोन. तो आला की पहिला प्रश्न विचारणार, यंत्र शेवटचं उघडलं कोणी? मग तुम्ही उद्यापासून परत बाटल्यांवर. कायमच्या. यंत्र म्हणजे बाटली नव्हे."

ते गेले. बाटल्या धुण्यात कमीपणा आहे असं मी आजही म्हणत नाही. पण ज्याने एकदा यंत्राच्या हिरव्या पडद्यावर एका थेंबाचं सगळं गुपित उघडताना बघितलंय, त्याला परत साबणाच्या पाण्यात हात घालून रिकाम्या बाटल्यांची तोंडं बघत बसायला सांगा. मी पंपकाकांना बोलवायला गेले तेव्हा माझे पाय मला न विचारता पळत होते.

पंपाची खोली शेजारीच होती, बारकीशी. आवाज नको म्हणून पंप तिथे, आणि भिंतीतून जाड नळी इकडे यंत्राला. खोलीला वर एक झरोका, आणि झरोक्याच्या वर साहेबांच्या केबिनची खिडकी. काका कानात कापूस घालून बसले होते. कान गेल्यावर कापूस कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "जेवढं उरलंय तेवढं तरी जपू दे की!"

"काका! काटा खाली येत नाही!"

"आं?"

"काटा! खाली! येत! नाही!"

"मग रडतेस कशाला? पंपाला विचारू!"

त्यांनी उजवा तळहात पंपावर ठेवला आणि डोळे मिटले. त्या तळहाताला सगळं कळायचं. कानांचं काम त्यानेच अंगावर घेतलं होतं. भिंतीला हात लावून जिन्यावरून कोण येतंय ते सांगायचे. एकदा म्हणाले, "साहेब येतायत. डाव्या बुटाची लेस सुटलीय." साहेब आले, लेस सुटलेली! आणि तो पंप जुना असा, की त्याच्या थरथरीने टेबलावरचा चहाचा ग्लास चालत चालत कारकुनाच्या टेबलापर्यंत जायचा. कारकून तो मुकाट्याने प्यायचा. नात मान हलवतेय. तू टाइप कर गं.

"पंप ठणठणीत आहे," काका म्हणाले. "पण नुसतं माझ्या सांगण्यावर जाऊ नको. बघून घे. मधला व्हॉल्व बंद कर."

पंप आणि यंत्र यांच्या मधला व्हॉल्व मी बंद केला. पंप एकटा पडला. त्याच्याकडचा बारका काटा सर्रकन खाली गेला.

"म्हणजे दोष पंपाचा नाही," काका म्हणाले. "दोष जावईबापूंच्या घरात. आता पडदा बघू. ओल आहे का गळती, तेवढं आधी कळू दे."

व्हॅक्यूम वाईट होता, पण यंत्र जेमतेम चालू करता येण्याइतका होता. पडदा हिरवा झाला आणि त्यावर सुळके उभे राहिले, ज्या वजनाचा कण त्या आकड्यावर. अठरा आकड्यावर पाण्याचा. तो एकटाच उंच असता तर चिंता नव्हती, उघडलेल्या यंत्रात ओल जातेच आणि हळूहळू निघूनही जाते. नुसती वाट बघायची. पण अठ्ठावीसवर त्याहून उंच सुळका, आणि बत्तीसवर त्याच्या पाव उंचीचा.

"हे काय आहे, सांग!" काका ओरडले. परीक्षाच घेत होते मेले, तशातही.

"हवा! नायट्रोजन आणि ऑक्सिजन! बाहेरची हवा आत येतेय!"

"शाब्बास. कुठून?"

तेच तर माहीत नव्हतं. नळ्यांचे जोड, नट, मीटरचं बूड, हवा सोडायचा व्हॉल्व, समोरचं मोठं दार. चौदा जागा.

काकांनी अ‍ॅसिटोनची बाटली काढली. पोरी नखांचा रंग पुसतात ना, तेच. ड्रॉपरने एकेका जोडावर एकच थेंब टाकायचा आणि पडद्यावर त्रेचाळीस आकड्याकडे बघायचं. जोड घट्ट असेल तर तिथे काही नाही. भोक असेल तर अ‍ॅसिटोनची वाफ आत ओढली जाते आणि त्रेचाळीसवर सुळका टुणकन उडी मारतो. चोराने स्वतःच हात वर करावा तसं.

ते थेंब टाकत होते, मी पडद्यावर डोळे लावून बसले होते.

"हलला का?"

"नाही!"

"आता?"

"नाही!"

"पापणी लवली असेल तुझी!"

"नाही लवली, काका!" आणि खरंच नव्हती लवली. त्या दिवशी सकाळी साडेदहा ते पाऊण वाजेपर्यंत माझी पापणी लवली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, वैद्यकशास्त्रात असं उदाहरण नाही.

पहिला नट, घट्ट. दुसरा, घट्ट. मीटरचं बूड, घट्ट. हवा सोडायचा व्हॉल्व मी काल नीट बंद केला होता की नाही, याचा मला फार संशय होता, पण तोही घट्ट. एकेक जागा सुटत गेली तसा मला आधी आनंद झाला आणि मग तो ओसरायला लागला. कारण उरलं होतं मोठं दार. आणि दार फक्त मीच लावलं होतं.

काकांनी दाराच्या वरच्या कडेला थेंब टाकला. काही नाही. उजवीकडे, काही नाही. डाव्या कोपऱ्यात, खाली...

त्रेचाळीस छतापर्यंत गेला.

माझं तोंड बघूनच काका समजले. "बंद कर," म्हणाले, "थंड होऊ दे. मग उघडू."

थंड व्हायला सव्वा तास लागतो. घाई करून चालत नाही, तापलेल्या पंपात हवा शिरली की त्याचं तेल जळतं. तो सव्वा तास आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून होतो. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. काकांनी डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे केला. मी नको म्हटलं. "खा," ते ओरडले, "उपाशी माणसाचे हात थरथरतात!" मी खाल्लं. काय खाल्लं ते आठवत नाही. एवढं सगळं आठवतं आणि ते नाही.

दोन वाजता दार उघडलं. दाराला भोवती काळं रबरी कडं असतं, गुळगुळीत. ते दाबून बसलं की हवेला वाट नाही. काकांनी भिंग घेतलं आणि डावा कोपरा बघितला. मग भिंग माझ्या हातात दिलं.

कड्यावर आडवा, एक केस.

लांब. काळा. माझ्या हाताएवढा तर असेलच. आता सांगा, त्या खोलीत येणारी माणसं किती? तीन. साहेब चकोट, काकांचे पांढरे खुरटे, आणि मी. माझी वेणी तेव्हा एवढी लांब होती की सायकल चालवताना ती पुढच्या टोपलीत ठेवावी लागायची, नाहीतर चाकात जायची.

यंत्र उघडताना डोक्याला टोपी घालायची हा आमचा पहिला नियम. मी घातली होती. पण टोप्या सगळ्या एकाच मापाच्या, मोठ्या डोक्यांच्या, कारण तोवर यंत्रावर पुरुषच काम करायचे. ती सारखी डोळ्यांवर घसरत होती. शेवटी दार लावताना काही दिसेना, म्हणून मी काढली. दोनच मिनिटं. त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यावरून एक केस निघाला आणि जाऊन बरोबर तिथे बसला. केसापेक्षा बारीक वाट, आणि तिच्यातून रात्रभर हवा येत होती.

"काका," मी म्हटलं.

नेहमी ओरडणारा तो माणूस, एक शब्द बोलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मग चिमट्याने केस उचलला, बोटाभोवती गुंडाळला, आणि तेवढ्यात त्याचा मोकळा झालेला तळहात सवयीने भिंतीला लागला आणि जरा दचकला. केसासकट हात खिशात गेला.

दारात साहेब. "सापडलं?"

"सापडलं, साहेब!" काका ओरडले. "कड्यावर दोरा होता! माझ्या रुमालाचा! दार लावल्यावर मीच उगाच उघडून परत एकदा पुसलं कडं! म्हातारा झालो!"

"तुम्ही?" साहेबांना खरंच धक्का बसला. "तुम्ही रुमालाने पुसलंत? अठ्ठावीस वर्षांत वहीत तुमच्या नावावर एक ओळ नाही, काका."

"मग आता एक होऊ दे! अगदीच कोरं बरं दिसत नाही!"

आमची एक वही होती. यंत्राला काही झालं की त्यात लाल शाईने लिहायचं, काय झालं, कोणामुळे. साहेबांनी तिथेच उभं राहून लिहिलं. 'पंप मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे.' काकांनी खाली सही केली. मी ते बघत उभी होते. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही, तर काकांनी माझ्याकडे न बघता नुसता तळहात असा आडवा केला. गप्प.

कडं पुसलं, या वेळी माझी टोपी पाठीमागे दोन क्लिपा लावून घट्ट बसवलेली. दार लावलं. पंप चालू. तीन, साडेतीन, चार. काटा उतरत होता, पण असा सावकाश, की जिना उतरणारी म्हातारी बरी. चार पन्नासला लाल खुणेवर आला आणि थांबला. मी श्वास थांबवला. तो हलला तेव्हा मी सोडला, म्हणजे किती वेळ ते तुम्हीच बघा. पाचला दोन मिनिटं असताना काटा खुणेच्या पार डावीकडे जाऊन पडला. साहेब आले, बघितलं, "हं," म्हणाले आणि फोन न करता निघून गेले.

मी पंपाच्या खोलीकडे गेले. पंप घरघरत होता. काका हात ठेवून बसले होते. मी जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "काका, आज तुम्ही होतात म्हणून. आयुष्यभर विसरणार नाही."

ते हसले आणि म्हणाले, "वेडे, एका केसासाठी एवढं तोंड करून आलीस? जा, जावईबापूंना एकटं सोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक टोपी होती. आमचीच, नेहमीची, पण कापून लहान केलेली. मागे इलॅस्टिक घातलेलं, आणि शिवण अशी वाकडी, की ते टाके माणसाने घातलेत का कोंबड्याने, कळू नये. दोरा पंपाच्या पट्ट्याला वापरायचे तो, जाड, काळा. डोक्यावर घातली तर अगदी मापात. माझ्या डोक्याचं माप त्यांनी कधी घेतलं, देव जाणे. बहुतेक भिंतीला हात लावून.

पाच महिन्यांनी काका निवृत्त झाले. त्यांना निरोप देताना साहेब वीस मिनिटं बोलले आणि त्यात दोन मिनिटं त्या लाल ओळीवर. थट्टेने, पण बोलले. सगळे हसले, काकाही हसले. ऐकू आलं नसेल, पण हसले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. मी मात्र त्या यंत्रापाशी एकतीस वर्षं राहिले. दोन यंत्रं मोडीत निघाली, तिसरं आलं, मी प्रमुख झाले. ती लाल वही माझ्याच कपाटात आली. ती ओळ खोडायचा अधिकार माझ्याकडे होता. खोडली नाही. तिच्या खाली मात्र माझ्या निवृत्तीच्या दिवशी मी लाल शाईने खरं काय झालं ते लिहिलं, तारखेसकट, आणि सही केली. नवीन आलेल्या प्रत्येकाच्या हातात मी आधी टोपी द्यायचे, मापाची. मग यंत्र दाखवायचे.

झालं. संपली गोष्ट.

नातीची बोटं थांबली आहेत. ती वर सरकून काहीतरी परत वाचतेय.

"आजी, त्यांना तर ऐकू येत नव्हतं."

"बरं मग?"

"पंप चालू होता. कानात कापूस होता. आणि तू म्हणतेस हळूच म्हटलंस. मग त्यांनी ऐकलं कसं?"

हे असं होतं पोरांना शिकवलं की.

बरं. नव्हतं म्हटलं. दारापर्यंत गेले होते, ते खरं. पण तिथे म्हणायचं तर ओरडूनच म्हणावं लागलं असतं, आणि वर झरोका, झरोक्यावर साहेबांची खिडकी उघडी. एका ओरडण्यात त्यांनी केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. म्हणून मी उभी राहिले. म्हटलं, उद्या सांगू, कुठेतरी शांत जागी. पण जिथे ते, तिथे पंप. आणि जिथे पंप नाही, तिथे माणसं. पाच महिने मी शांत जागा शोधत होते.

ते डोळे मिटून बसले होते. माझी पावलं हाताला कळली असणार, कारण त्यांनी डोळे न उघडता डावा तळहात वर केला आणि तसाच धरून ठेवला. पंप चांगला चाललाय, एवढंच सांगत होते बहुतेक. मीही माझा हात वर केला. त्यांना दिसला नाही.

"मग ते वाक्य खोडू?" नात विचारतेय.

नको. राहू दे. मोठ्या अक्षरात कर हवं तर.

बाकी सगळं खरं आहे. बुटाच्या लेसचंसुद्धा.